गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर पोट सुरू होण्यासाठी अ‍ॅक्युप्रेशर : कुठे दाबायचं, कुठे नाही

मुक्ता_स

पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईला राउंडवर आलेले डॉक्टर पहिल्या दोन-तीन दिवसांत पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारतात. "गॅस पास झाला का?" स्त्रीरोग वॉर्डात मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलं आहे. या प्रश्नाला बायका किती लाजतात ते रोज पाहिलंय. कोणी मान फिरवतं, कोणी सुटका व्हावी म्हणून झालेला नसतानाही "हो" म्हणतं. कृपा करून असं करू नका. तोंडाने काय द्यायचं, सलाईन कधी बंद करायचं, घरी कधी सोडायचं, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.

गर्भपिशवी काढणं, फायब्रॉइड काढणं, अंडाशयाची गाठ काढणं यांपैकी काहीही असलं तरी आतडी काही काळ गप्प होतात. भुलीचा परिणाम असतो, आतड्यांना हात लागलेला असतो, आत सूज येते. शरीर ताणाखाली असल्यामुळे आतड्यांना "थांबा" सांगणाऱ्या नसा जोरात असतात. त्यात मॉर्फिन किंवा ट्रॅमॅडॉलसारखी वेदनाशामकं आतड्यांची चाल आणखी मंदावतात. साधारणपणे लहान आतडं काही तासांत जागं होतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठं आतडं सगळ्यात उशिरा, दोन-तीन दिवसांनी कामाला लागतं. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनमध्ये हे लवकर होतं, पोट उघडून केलेल्या मोठ्या ऑपरेशनमध्ये उशिरा.

या मधल्या काळात मदत म्हणून अ‍ॅक्युप्रेशर करता येतं. चिनी वैद्यकातले तीन बिंदू यासाठी जास्त वापरले जातात.

पहिला झू-सान-ली, म्हणजे एसटी ३६ (बिंदूंच्या यादीतला त्याचा क्रमांक). गुडघा किंचित वाकवा. वाटीच्या खाली, बाहेरच्या बाजूला एक खळगा लागतो. तिथून चार बोटं खाली या आणि नडगीच्या हाडाच्या धारेपासून एक बोट बाहेर सरका. पाऊल वर उचललं की तिथला स्नायू फुगतो, त्यातच हा बिंदू. पोटासाठी मुख्य हाच.

दुसरा नेई-ग्वान, पीसी ६. तळहाताच्या बाजूने मनगटाच्या रेषेपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मध्ये. हा मळमळीसाठी.

तिसरा सान-यिन-ज्याव, एसपी ६. पायाच्या आतल्या घोट्याच्या उंचवट्यापासून चार बोटं वर, हाडाच्या मागच्या कडेला.

बोटं मोजायची ती पेशंटची, दाबणाऱ्याची नाहीत. बारीक अंगाच्या बाईच्या पायावर धिप्पाड नवऱ्याच्या चार बोटांनी मोजलं तर बिंदू भलतीकडेच जातो.

अंगठ्याच्या पेरानं दाबायचं, नखानं नाही. हळूहळू दाब वाढवायचा. आत जड, बोथट दुखल्यासारखं वाटलं की तिथेच थांबून लहान गोल फिरवायचे. कळ आली, मुंग्या आल्या तर दाब कमी करायचा. एकेका बिंदूला साधारण तीन मिनिटं, दोन्ही बाजूंना, सकाळ-संध्याकाळ.

आणि हे करण्याआधी सर्जनना किंवा वॉर्डातल्या सिस्टरना सांगायचं. कोणाकोणाला हे अजिबात करू नये, ते प्रतिसादांत येईलच. तुमचे प्रश्न आणि अनुभव लिहा.

---

अनघा_देश

मुक्ताताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझं पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून गर्भपिशवी काढायचं ठरलंय. मन धास्तावलेलं आहे, पण निदान पोटाचं तरी काही हातात असेल असं हे वाचून वाटलं. तीन प्रश्न आहेत. ऑपरेशननंतर नेमकं कधी सुरू करायचं? नवऱ्याला आधीच शिकवून ठेवू का? आणि पोटावरही बिंदू असतात ना, तिथे चोळलेलं चालेल का?

---

मुक्ता_स

अनघा, नवऱ्याला आत्ताच शिकव. दुखणं नसताना, निवांत बसून. तुझ्या पायावर बिंदू शोधून पेनानं खूण करायला सांग आणि किती दाब बरा वाटतो ते त्याला आत्ताच कळू दे. ऑपरेशनच्या दिवशी तू गुंगीत असशील, तेव्हा सांगता येणार नाही.

सुरुवात पूर्ण शुद्धीवर आल्यावर, उलट्या आणि बीपी आटोक्यात असताना. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर पायांत पूर्ण संवेदना परत येईपर्यंत पायाला हात लावायचा नाही. बधिर पायावर किती जोर पडतोय ते तुला समजणार नाही. ज्या हाताला सलाईनची सुई आहे तो हातही सोडायचा.

पोटावर नाही. नाभीच्या दोन्ही बाजूंना तियेन-शू नावाचे बिंदू आहेत आणि एरवी बद्धकोष्ठतेसाठी ते वापरतातही. पण दुर्बिणीच्या ऑपरेशनची भोकं त्याच परिसरात असतात. वरून टाके इवलेसे दिसले तरी आतल्या थरांना भरून यायला वेळ लागतो. हात आणि पाय एवढंच पुरे.

---

शोधक

विषय चांगला मांडलाय, पण मला पुराव्याबद्दल विचारायचं आहे. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत पोट बहुतेक सगळ्यांचं आपोआप सुरू होतंच. मग कोणी दाबलं आणि गॅस गेला, तर तो दाबल्यामुळे गेला हे कसं ठरवायचं? जवळच्या माणसानं बसून पाय दाबले की बरं वाटतंच, बिंदू कुठलाही असो. नेमक्या बिंदूचा फरक कोणी तपासून पाहिला आहे का?

---

भूलतज्ज्ञ

शोधक, प्रश्न योग्य आहे. व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे, माहीत आहे तेवढं लिहितो.

तुम्ही म्हणता तसा प्रयोग झालेला आहे. तैवानमध्ये पोट उघडून गर्भपिशवी काढलेल्या ४१ बायकांवरचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला वर दिलेले तीनच बिंदू दाबले, प्रत्येकी तीन मिनिटं. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ, पण बिंदू नसलेल्या जागी. खऱ्या बिंदूंच्या गटात आतड्यांची हालचाल जास्त दिसली. म्हणजे 'कोणीतरी पाय दाबले' एवढ्यापुरता हा परिणाम नव्हता. पण ४१ हा आकडा लहान आहे. त्यावरून दिशा कळते, खात्री होत नाही.

मोठे अभ्यास आहेत ते सुईला सौम्य वीजप्रवाह जोडून केलेल्या इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चरचे, आणि तेही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशननंतरचे. हाँगकाँगमध्ये १६५ रुग्णांवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांना पहिल्यांदा शौचाला व्हायला सरासरी १२२ तास लागले, उपचार घेतलेल्यांना ८६. पुढे २०२२ मध्ये चीनमधल्या चार रुग्णालयांतल्या २४८ रुग्णांचा अभ्यास आला. तिथे सगळ्यांनाच आधुनिक, लवकर उठवण्या-चालवण्याच्या पद्धतीने सांभाळलं होतं. तरी फरक दिसला, पण लहान : ७६ तास विरुद्ध ९०. बाकीची काळजी जितकी चांगली, तितकं बिंदूंच्या वाट्याला काम कमी उरतं, असं मी यातून वाचतो.

अंगठा म्हणजे विजेची सुई नव्हे, आणि आतड्याचा तुकडा काढणं व गर्भपिशवी काढणं यांतही फरक आहे. तेव्हा हे तास गर्भपिशवीच्या ऑपरेशनला आणि अंगठ्याच्या दाबाला जसेच्या तसे लावू नयेत.

मळमळीच्या बिंदूबद्दल मात्र मी जास्त ठामपणे बोलेन. बेलफास्टचे भूलशास्त्राचे प्राध्यापक जॉन डंडी यांनी १९८० च्या दशकात पीसी ६ वर काम सुरू केलं, ते स्त्रीरोगाच्या छोट्या ऑपरेशनसाठी आलेल्या बायकांमध्येच. त्यानंतर जगभर इतके अभ्यास झाले की २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (सगळे प्रयोग एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) ५९ प्रयोग आणि ७,६६७ लोक जमेला धरले गेले. खोट्या बिंदूच्या तुलनेत मळमळ आणि उलट्या दोन्ही कमी झाल्या आणि परिणाम उलटीच्या औषधांच्या जवळपास आला. सगळे प्रयोग सारख्या दर्जाचे नाहीत, हे त्याच आढाव्यात नोंदवलेलं आहे.

याचा पोटाशी थेट संबंध आहे. उलटी थांबवायला आम्ही सर्रास ऑन्डान्सेट्रॉन देतो. औषध उत्तम आहे, पण त्यानं बद्धकोष्ठता होते. मनगटाच्या बिंदूमुळे एखादा डोस कमी लागला, तर त्याचा फायदा खाली मोठ्या आतड्यापर्यंत पोचू शकतो. पण उलट्या होत असताना औषध नाकारून नुसतं मनगट दाबत बसू नये.

---

शोधक

सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. नडगीवर दाबून आतड्यात काही कसं घडेल, याचं शरीरशास्त्रीय उत्तर आहे का?

---

भूलतज्ज्ञ

पूर्ण उत्तर नाही, एक धागा आहे. २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात उंदरांवरचं काम आलं. मागच्या पायावरच्या झू-सान-लीला कमी तीव्रतेची विद्युत उत्तेजना दिली की पायातल्या विशिष्ट संवेदी नसांमधून संदेश मेंदूकडे जातो आणि व्हेगस नसेमार्गे सूज कमी करणारी यंत्रणा चालू होते. पोटावरच्या तियेन-शूला तशीच उत्तेजना दिली तर हा मार्ग चालू झाला नाही, कारण त्या प्रकारच्या नसा पायाच्या खोल भागात आहेत, पोटाच्या भिंतीत नाहीत.

व्हेगस हीच आतड्यांना "चला" म्हणणारी नस, आणि ऑपरेशननंतर आतडी अडून राहण्यात सूज हे मोठं कारण. त्यामुळे दुवा जुळण्यासारखा आहे. पण ते उंदीर होते, वीज होती, आणि अभ्यास सुजेचा होता, गॅसचा नव्हता.

---

वैशाली_क

माझा अनुभव लिहिते, कारण यात माझी फार गल्लत झाली होती. माझी अंडाशयाची गाठ दुर्बिणीतून काढली. दुसऱ्या दिवशी उजव्या खांद्यात इतकं दुखायला लागलं की श्वास घेताना भीती वाटायची. सगळे म्हणाले, गॅसमुळे आहे. मला वाटलं हा गॅस म्हणजे पोटातलाच, तो पास झाला की खांदा थांबेल. म्हणून बहिणीकडून पाय दाबून घेत होते. गॅस पास झाला, पोट हलकं झालं, खांदा मात्र तसाच!

---

मुक्ता_स

वैशाली, बरं झालं लिहिलंस, हा गोंधळ जवळजवळ प्रत्येकीचा होतो. हे दोन वेगळे वायू आहेत. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. शेवटी तो काढून टाकतात, तरी थोडा राहतो. तो आतड्याच्या आत नसतोच, बाहेरच्या पोकळीत असतो. त्यामुळे तो खालून पास होण्याचा प्रश्नच येत नाही. तो रक्तात शोषला जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. तोवर श्वासपटलाला त्याचा त्रास होतो, आणि त्या भागाची नस मानेतून येत असल्यामुळे दुखणं खांद्यात जाणवतं. एक-दोन दिवसांत कमी होतं. आडवं पडल्यावर बरं वाटतं, शेक आणि वेदनाशामकही चालतं. छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर मात्र "खांद्याचा गॅस आहे" म्हणून सोडून देऊ नये, लगेच सांगावं.

---

रेवती_म

माझ्या मोठ्या बहिणीचं अंडाशयाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालंय. गर्भपिशवी, दोन्ही अंडाशय आणि लिम्फ नोड्स काढलेत. रोज पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन देतात, ते घरी गेल्यावरही घ्यायचं आहे. पोट अजून सुरू झालेलं नाही. तिचं तोंड बघवत नाही हो. मी पाय दाबून देऊ का?

---

फिजिओ_सई

रेवतीताई, तुमची तळमळ समजते, पण पायाला सध्या दाब देऊ नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कॅन्सरच्या पेशंटबरोबर काम करते, म्हणून कारणांसकट सांगते.

ओटीपोटाच्या कॅन्सरमध्ये आणि मोठ्या ऑपरेशननंतर पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ते इंजेक्शन त्यासाठीच आहे. पोटरीत गुठळी असेल आणि आपण तिथे जोरात चोळलं, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला, गरम, लालसर किंवा पोटरी दुखरी वाटली तर हात न लावता डॉक्टरांना बोलवा. आतल्या घोट्याजवळचा बिंदू पोटरीच्या अगदी लगत आहे, म्हणून तो अशा पेशंटमध्ये मी वापरतच नाही.

लिम्फ नोड्स काढले की पायातला द्रव वर जायच्या वाटा कमी होतात. खोल दाब आणि रगडणं यामुळे लिम्फची सूज सुरू होऊ शकते किंवा वाढू शकते. आणि रक्त पातळ असताना साध्या दाबानंही काळेनिळे डाग पडतात. केमो चालू असेल तर प्लेटलेट्स किती आहेत हेही बघावं लागतं.

मनगटाचा बिंदू, सुई नसलेल्या हाताला, हलक्या बोटानं, टीमला विचारून चालेल. मळमळ कमी झाली तरी तिला मोठा आराम वाटेल. अशा मोठ्या ऑपरेशनमध्ये आतड्यांना बराच हात लागलेला असतो, त्यामुळे पोटाला जास्त वेळ लागणं अपेक्षित आहे. तिला बसवा, पलंगाच्या कडेला पाय सोडू द्या, परवानगी असेल तर धरून चार पावलं चालवा. तुमचे हात तिथे खूप उपयोगी पडतील.

---

रेवती_म

सईताई, मनगटाचं उद्या राउंडला विचारते. आज संध्याकाळी सिस्टरांच्या मदतीनं तिला खुर्चीत बसवलं.

---

नीरजा_पी

मला एक गोष्ट इथे लिहून ठेवायची आहे. आमच्या नात्यातल्या एका बाईचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, लवकर घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, दुखणं वाढलं. घरातले म्हणाले गॅस अडकलाय. कोणी पाय दाबतंय, कोणी शेक देतंय. ती म्हणत होती की हे वेगळं दुखतंय. ताप आला तेव्हा नेलं, तर आतड्याला छिद्र निघालं आणि दुसरं ऑपरेशन करावं लागलं. आज ती बरी आहे, पण ते दिवस आठवले की अंगावर काटा येतो. दाबण्यानं इजा झाली नाही, पण त्यात वेळ गेला.

---

भूलतज्ज्ञ

नीरजाताई, हे लिहिलंत ते फार गरजेचं होतं. प्रत्येकीनं पक्कं लक्षात ठेवावं असं एकच सांगतो : ऑपरेशननंतरचं दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. विशेषतः दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढत असेल, तर ते गॅसचं आहे असं घरी ठरवू नका. उष्णतेनं झालेली आतड्याची इजा काही दिवसांनीही उघड होते, तोवर पेशंट घरी पोचलेली असते.

पोट ताठ आणि फुगलेलं, पुन्हा पुन्हा किंवा हिरव्या रंगाच्या उलट्या, ताप, नाडी जलद, लघवी कमी होणं, किंवा आधी गॅस जात होता आणि मग पूर्ण बंद झाला : यांतलं काहीही असेल तर अ‍ॅक्युप्रेशर थांबवून त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांकडे. आणि पेशंट स्वतः म्हणते की हे वेगळं आहे, तेव्हा तिचं ऐका.

---

माधुरी_जे

नीरजाताईंचं वाचून सुन्न झाले.

मला घरी आल्यानंतरच्या दिवसांचं विचारायचंय. गॅस पास होतो, पण संडासला होत नाही, आणि कुंथायची भीती वाटते. माझं पिशवी काढून योनिमार्गाच्या भिंतीचीही दुरुस्ती केलीय.

---

फिजिओ_सई

कुंथायचं नाही, हे अगदी बरोबर. दुरुस्ती केलेल्या भागावर सगळा ताण येतो. पाय छोट्या स्टुलावर ठेवून गुडघे कमरेपेक्षा वर येतील असं बसा, कोपरं मांडीवर टेकवा, तोंडानं सावकाश श्वास सोडा. गोळ्यांची यादी काढून डॉक्टरांना दाखवा. लोहाची गोळी आणि ट्रॅमॅडॉल दोन्ही चालू असतील तर कारण तिथेच असेल. शौच मऊ करणारं औषध अशा वेळी बहुधा दिलेलं असतं, ते "सवय लागेल" म्हणून स्वतःहून बंद करू नका. नडगीचा बिंदू दिवसातून दोनदा दाबायला हरकत नाही, फक्त तुम्ही स्वतः वाकून दाबू नका, दुसऱ्या कोणाकडून दाबून घ्या.

---

भूलतज्ज्ञ

अजून एक भर. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात लवकर बरं होण्याची जी पद्धत मांडली, तिच्या स्त्रीरोगासाठीच्या मार्गदर्शक सूचना आता आहेत. त्यांत पोटासाठी बिंदूंच्या आधी साध्या गोष्टी येतात : चोवीस तासांच्या आत तोंडाने आहार सुरू करणं, लवकर चालणं, सलाईन गरजेपुरतंच, मॉर्फिनच्या जातीची औषधं शक्य तेवढी कमी. पोट सुरू व्हायला च्युइंगगम चघळण्याचाही त्यात विचार आहे. चघळण्यानं मेंदूला जेवण आल्यासारखं वाटतं आणि व्हेगस नस जागी होते. अनघाताई, तुमच्या सर्जनना आधीच विचारा की यातलं काय काय करणार आहेत. दुखणं सहन करत गप्प पडून मात्र राहू नका. वेदनाशामक टाळण्यासाठी न हलता पडून राहिलेल्या पेशंटचं पोट आणखी उशिरा सुरू होतं.

---

अनघा_देश

सगळं वहीत उतरवून घेतलंय. च्युइंगगम आणि आहाराचं सर्जनना विचारलं, चालेल म्हणाले, पायाच्या बिंदूलाही हरकत नाही म्हणाले. फक्त त्यांनी गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घालायला सांगितलेत, चालायला लागेपर्यंत. मग नडगीचा बिंदू दाबताना ते काढायचे का?

---

मुक्ता_स

नाही, काढायचे नाहीत आणि अर्धवट खाली गुंडाळायचे तर मुळीच नाहीत. गुंडाळलेल्या मोज्याची कडा पायाला आवळून बसते आणि रक्त परत जायला अडथळा होतो. मोज्यावरूनच दाब. पेनाची खूण मोज्याखाली दिसणार नाही, म्हणून नवऱ्याला वाटीखालच्या खळग्यापासून बोटं मोजून बिंदू शोधायला शिकव. तुझ्या बोटांनी.